रूळ उखडले, वाट उरली
(इस्त्रियाच्या डोंगरांतील ‘पारेन्झाना’ लोहमार्गाचा इतिहास)

लोहमार्गाचा इतिहास सांगताना आपण बहुधा तो कोणी बांधला, कधी बांधला आणि त्यावरून पहिली गाडी केव्हा धावली, एवढे सांगून थांबतो. गाडी बंद पडली की इतिहासही संपला, असा आपला समज असतो. वस्तुतः डोंगर फोडून, दऱ्या भरून, बोगदे खोदून माणसांनी एकदा जी वाट जमिनीवर कोरली, ती गाडीबरोबर नाहीशी होत नाही. रूळ उखडून नेता येतात, स्टेशनांची छपरे कोसळतात. परंतु वाटेचा चढ आणि तिचे वळण ही मागे उरतातच. पुढच्या पिढ्या या उरलेल्या वाटेचे काय करतात, हाही इतिहासाचाच भाग होय.

अशाच एका वाटेची हकीकत आम्ही येथे सांगणार आहोत. भूमध्य समुद्राचा आद्रियाटिक नावाचा जो लांबट फाटा इटली आणि बाल्कन प्रदेश यांच्यामधून उत्तरेकडे गेला आहे, त्याच्या माथ्यावर इस्त्रिया नावाचे त्रिकोणी द्वीपकल्प आहे. त्रिएस्ते या मोठ्या बंदरापासून या द्वीपकल्पाच्या पश्चिम किनाऱ्यावरील पोरेच या गावापर्यंत एके काळी एक लहानशी आगगाडी धावत असे. इटालियन भाषेत पोरेचला पारेन्झो म्हणतात. त्यावरून या गाडीला ‘पारेन्झाना’ हे नाव पडले. ती केवळ तेहेतीस वर्षे चालली आणि १९३५ साली बंद झाली. आज तिच्याच भरावांवरून आणि तिच्याच बोगद्यांतून सायकलस्वार प्रवास करतात, आणि त्यांपैकी बराचसा प्रवास मोटारींच्या वर्दळीपासून मुक्त असतो.

मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी अंकात इतक्या दूरच्या आगगाडीची कथा कशासाठी, असा प्रश्न वाचकांच्या मनात येईल. त्याचे एक उत्तर असे की, नोकरीधंद्यानिमित्त महाराष्ट्राबाहेर स्थायिक झालेल्या आपल्यांपैकी कितीतरी कुटुंबांना येथे आणले ते रेल्वेने, आणि सुट्टीत गावी नेले तेही रेल्वेनेच. रूळ, स्टेशन आणि बोगदा हे आपल्या स्मृतीतले शब्द आहेत. दुसरे उत्तर अधिक नेमके आहे. पारेन्झानाचे आपल्या बार्शी लाईट रेल्वेशी मापाचे नाते आहे. ते पुढे यथाक्रम येईलच.

डोंगराळ मुलूख आणि अरुंद रूळ

इस्त्रिया पहिल्या महायुद्धाच्या अखेरीपर्यंत ऑस्ट्रिया-हंगेरीच्या साम्राज्यात होता. त्रिएस्ते हे त्या साम्राज्याचे प्रमुख व्यापारी बंदर. १८६९ साली सुएझ कालवा खुला झाल्यावर त्रिएस्तेचा संबंध थेट मुंबईशी जडला. ऑस्ट्रियन लॉइड कंपनीच्या बोटी या दोन बंदरांमध्ये ये-जा करू लागल्या, आणि पुढे लॉइड त्रिएस्तिनो या बदललेल्या नावाने त्याच कंपनीच्या बोटींतून आपल्याकडील अनेक विद्यार्थी व व्यापारी युरोपला गेले. असे हे जगाशी जोडलेले बंदर. परंतु त्याच्या दक्षिणेस हाकेच्या अंतरावर असलेल्या इस्त्रियातील खेड्यांना तेथे माल पोहोचविण्याचे साधन नव्हते. १८७६ साली द्वीपकल्पाच्या टोकाला असलेल्या पुला येथील आरमारी तळापर्यंत रेल्वे गेली खरी, पण ती मधल्या व पूर्वेकडच्या भागातून. ज्या पश्चिम भागात द्राक्षे, ऑलिव्ह आणि मीठ पिकत होते, तो भाग कोरडाच राहिला.

या भागासाठी जो लोहमार्ग आखला गेला, तो काटकसरीचा होता. रुळांतील अंतर ७६० मिलिमीटर ठेवण्यात आले. बोस्नियात ऑस्ट्रियन सरकारने हे माप आधीच रूढ केले होते. रूळ अरुंद असले की वळणे अधिक आखूड घेता येतात. वळणे आखूड घेता आली की डोंगराच्या कुशीकुशीने जाता येते. आणि कुशीने गेले की मोठे पूल व लांब बोगदे यांचा खर्च वाचतो. पारेन्झानाच्या आखणीचे सारे रहस्य यात आहे. त्रिएस्ते ते पोरेच हे अंतर आकाशमार्गाने सुमारे पन्नास किलोमीटर भरते. गाडीचा मार्ग मात्र १२३ किलोमीटरांचा! समुद्रसपाटीपासून निघून ग्रोझ्न्यान गावाजवळ २९३ मीटर उंची गाठावयाची, तेथून मिर्ना नदीच्या खोऱ्यात जवळजवळ तळापर्यंत उतरावयाचे, पुन्हा मोतोवुन आणि विझिनादाच्या डोंगरांवर चढावयाचे आणि अखेर पुन्हा समुद्राकाठी यावयाचे, असा तिचा क्रम होता. एवढे करूनही मार्गाचा सर्वांत तीव्र चढ हजारास अठ्ठावीस, म्हणजे साधारण छत्तीस मीटर चालले असता एक मीटर, याहून वाढू दिला नाही. आपल्या बोरघाटातील रेल्वेचा चढ सदतीसास एक आहे. दोन्ही ठिकाणी इंजिनाच्या ताकदीनेच डोंगर कसा चढावा हे ठरविले होते, हे या तुलनेवरून ध्यानी येईल.

१ एप्रिल १९०२ रोजी त्रिएस्तेपासून बुये गावापर्यंतचा भाग सुरू झाला आणि त्याच वर्षी १५ डिसेंबरला गाडी पोरेचला पोहोचली.

अडीच फुटांचे आप्त

त्याच्या पाच वर्षे आधी, १८९७ साली, सोलापूर जिल्ह्यात बार्शी लाईट रेल्वे सुरू झाली होती. मुख्य रेल्वेमार्गावरील त्या वेळचे बार्शी रोड, म्हणजेच आजचे कुर्डुवाडी, येथून ती बार्शी गावापर्यंत जात असे. तिच्या रुळांतील अंतर अडीच फूट, म्हणजे ७६२ मिलिमीटर. पारेन्झानाहून दोन मिलिमीटर अधिक! एव्हरार्ड कालथ्रॉप या इंग्रज अभियंत्याने ती उभारली. हलक्या रुळांवरून, प्रत्येक आसावर सारखा आणि मर्यादित भार ठेवून पुष्कळ माल स्वस्तात वाहता येतो, हे त्याला सिद्ध करून दाखवावयाचे होते आणि ते त्याने बार्शीत दाखविले. १९०६ साली ही गाडी पंढरपूरला गेली, १९११ साली लातूरला आणि १९२७ साली मिरजेला. आषाढी-कार्तिकीला वारकऱ्यांनी भरून, टपांवरही माणसे घेऊन जाणारी ही गाडी ज्यांनी पाहिली आहे, त्यांना ‘लाईट’ या शब्दातील विनोद सांगावयास नको. १९५४ साली ती सरकारने विकत घेतली, आणि या शतकाच्या आरंभीच्या वर्षांत टप्प्याटप्प्याने तिचे रूपांतर ब्रॉडगेजमध्ये झाले.

कालथ्रॉपची गोष्ट येथे संपत नाही. बार्शीचा अनुभव गाठीशी बांधून तो मायदेशी परतला आणि इंग्लंडमधील स्टॅफर्डशायर परगण्यात मॅनिफोल्ड नदीच्या दरीतून त्याने नेमक्या अडीच फुटांच्याच मापाची एक रेल्वे उभारण्यास साहाय्य केले. ती १९०४ साली सुरू झाली. तिच्या इंजिनांची ठेवण हिंदुस्थानातील इंजिनांसारखी होती. परंतु त्या दरीत ना पंढरपूर होते, ना लातूरची बाजारपेठ. १९३४ साली ती रेल्वे बंद पडली. मग रेल्वे कंपनीने ती जागा परगण्याच्या स्वराज्य संस्थेच्या स्वाधीन केली, आणि १९३७ साली त्या वाटेवर पादचाऱ्यांसाठी रस्ता खुला झाला. बंद पडलेल्या लोहमार्गाची सार्वजनिक पायवाट करण्याचे जे अगदी आरंभीचे प्रयोग युरोपात झाले, त्यांत याची गणना होते. बार्शीच्या रुळांवर ज्याने धडे गिरविले त्याच्याच दुसऱ्या रेल्वेने असा एक नवा पायंडा पाडावा, हा योगायोग मराठी वाचकाने लक्षात ठेवण्याजोगा आहे.

तेहेतीस वर्षांचा संसार

पारेन्झानाचा संसार मोठा नव्हता, पण भरलेला होता. पिरानजवळच्या मिठागरांतील मीठ, डोंगरउतारावरील द्राक्षांची दारू, ऑलिव्हचे तेल, फळे, भाजीपाला, इमारती दगड व चुना हा माल त्रिएस्तेकडे जाई. येताना शहरातील जिन्नस येत. पहाटे निघालेल्या शेतकरणी टोपल्या घेऊन शहराच्या बाजारात पोहोचू लागल्या. ज्या खेड्यांचे जग गाढवाच्या पाठीवरून एका दिवसात जाऊन येण्याइतके होते, ते या गाडीने रुंदावले.

गाडीचा वेग मात्र बेताचा. संपूर्ण प्रवासाला सुमारे सात तास लागत. हिशेब केल्यास ताशी सतरा-अठरा किलोमीटर पडतात. चढावर गाडी इतकी मंदावे की उतारूंनी खाली उतरावे, शेजारच्या मळ्यातील द्राक्षांचे घोस तोडावे आणि पुन्हा डब्यात येऊन बसावे, अशी थट्टा तेथील लोक आजही करतात. सतरा-अठरा किलोमीटर हा साधारण सायकलस्वाराचा सपाटीवरील वेग होय. आगगाडी म्हणून जी हळू होती, तिची वाट सायकलीला एवढी मानवली, यात नवल नाही.

या मुलुखाचा एक वैरी म्हणजे ‘बोरा’ नावाचा वारा. हिवाळ्यात ईशान्येकडील पठारावरून तो असा कोसळतो की त्रिएस्तेच्या रस्त्यांत माणसांना धरून चालण्यासाठी दोर बांधावे लागत. १९१० साली मुज्जा गावाजवळ या वाऱ्याने पारेन्झाना गाडी रुळांवरून उलथून टाकली आणि तीन माणसे प्राणास मुकली. हलकी गाडी बांधण्यात जी काटकसर होती, तिची ही दुसरी बाजू.

तथापि गाडीचा अंत वाऱ्याने केला नाही, तो रस्त्याने केला. पहिल्या महायुद्धानंतर इस्त्रिया इटलीकडे गेला. मोटारबसगाड्या आणि मालमोटारी वाढल्या. सात तासांच्या वाटेला गिऱ्हाईक उरले नाही. तोट्यातील लोहमार्ग चालविण्याची सरकारची इच्छाही राहिली नाही. ३१ ऑगस्ट १९३५ रोजी शेवटची गाडी धावली. पाठोपाठ रूळ उखडण्यात आले. त्याच वर्षी ऑक्टोबरात मुसोलिनीने ॲबिसिनियावर स्वारी केली. हे रूळ तिकडे नेण्यासाठी बोटीवर चढविले होते आणि ती बोट भूमध्य समुद्रात बुडाली, अशी दंतकथा इस्त्रियात आजही सांगतात. तिची सत्यता कशीही असो. आपल्या गावाची गाडी परक्याच्या युद्धासाठी मोडली गेली, ही लोकांची भावना मात्र तिच्यात साठून राहिली आहे.

एक वाट, अनेक झेंडे

यानंतरची साठ-सत्तर वर्षे वाटेवर झाडी वाढली. तिच्या दोन्ही बाजूंस मात्र इतिहास स्वस्थ बसला नव्हता. जी वाट १९०२ साली एका साम्राज्याच्या दोन गावांना जोडण्यासाठी आखली गेली, तिच्यावरून गेल्या शतकात किती झेंडे फिरले याची मोजदाद केली तर मन चकित होते. १९१८ पर्यंत ऑस्ट्रिया-हंगेरी. १९२० च्या तहान्वये इटली. दुसऱ्या महायुद्धात जर्मन फौजा. १९४७ च्या पॅरिस तहाने इस्त्रियाचा बहुतेक भाग युगोस्लाव्हियाकडे गेला आणि त्रिएस्ते व त्याच्या दक्षिणेची किनारपट्टी मिळून ‘त्रिएस्तेचा स्वतंत्र प्रदेश’ निर्माण झाला. १९५४ साली त्याचीही वाटणी झाली. त्रिएस्ते इटलीकडे आणि दक्षिण भाग युगोस्लाव्हियाकडे आला. १९९१ साली युगोस्लाव्हिया फुटला आणि स्लोव्हेनिया व क्रोएशिया ही दोन स्वतंत्र राष्ट्रे झाली. एकाच आगगाडीची वाट अशा रीतीने तीन देशांत विभागली गेली: सुमारे १३ किलोमीटर इटलीत, ३२ स्लोव्हेनियात आणि ७८ क्रोएशियात.

हे केवळ नकाशावरील रेषांचे प्रकरण नव्हते. महायुद्धानंतरच्या काळात इस्त्रिया, फ्यूमे आणि दाल्मेशिया या भागांतून मिळून दोन लाखांहून अधिक माणसे, त्यांत मुख्यतः इटालियन भाषिक, घरदार सोडून गेली. डोंगरमाथ्यांवरील दगडी गावे ओस पडली. मोतोवुन गावात १९४० साली जन्मलेला एक मुलगा आईवडिलांबरोबर असाच बाहेर पडला, निर्वासितांच्या छावणीत वाढला आणि पुढे अमेरिकेत गेला. मारिओ आंद्रेत्ती या नावाने तो मोटारशर्यतींत जगज्जेता झाला. ज्या गावाखालून इतकी मंद आगगाडी जात असे, त्याच गावचा पुत्र जगातील अतिवेगवान माणसांत गणला जावा, ही नियतीची थट्टाच म्हणावयाची. ग्रोझ्न्यानची कथा निराळी आहे. माणसांवाचून पडलेली तेथील घरे कलावंतांना देऊन १९६५ साली ते ‘कलावंतांचे गाव’ म्हणून जाहीर झाले. आज तेथे चित्रशाळा आहेत आणि उन्हाळ्यात तरुण वादकांचे वर्ग भरतात.

गाव सोडून गेल्यावर गावाचे काय होते, हा प्रश्न आपल्यासारख्या दूर राहणाऱ्यांना सहज पडतो. इस्त्रियाच्या माणसांना जावे लागले, आपण आपखुशीने आलो. दोहोंत अंतर फार मोठे आहे. तरी कुलूपबंद वाड्याचे दुःख समजावयास आपल्याला दुभाष्या लागणार नाही.

सायकलीला वेगळी वाट का हवी?

सायकलीने दूरदेशी हिंडण्याचा छंद मोटारीहून जुना आहे. दोन सारख्या चाकांची, साखळीने चालणारी सायकल १८८५ च्या सुमारास इंग्लंडात प्रचारात आली आणि १८८८ साली डनलॉपने हवेची धाव केली. त्यानंतर लवकरच युरोपातले मध्यमवर्गीय लोक सायकलींवरून देश पाहू लागले. फ्रान्समध्ये सेंत एत्येन गावचा पॉल द व्हिवी (१८५३-१९३०) हा या पंथाचा आद्य आचार्य. ‘व्हेलोसिओ’ या टोपणनावाने तो लिहीत असे. डोंगर चढावयाचे तर सायकलीला एकाहून अधिक गिअर हवेत, हा त्याचा आग्रह होता आणि ईस्टरच्या सुट्टीत शिष्यमंडळींसह भूमध्य समुद्राकडील प्रोव्हान्स प्रांतात सायकलीने जाण्याचा त्याचा प्रघात होता. शर्यतवाल्यांना मात्र गिअर हे दुबळ्यांचे साधन वाटे. फ्रान्सच्या प्रसिद्ध सायकल-शर्यतीत गिअर बदलणाऱ्या यंत्रास परवानगी मिळाली ती १९३७ साली, म्हणजे त्या बिचाऱ्याच्या मृत्यूनंतर सात वर्षांनी!

आपल्याकडेही या छंदाची थोर परंपरा आहे. १९२३ साली मुंबईहून काही पारशी तरुण सायकलींवर जगप्रवासास निघाले, आणि त्यांपैकी अदी हकीम, जाल बापासोला व रुस्तुम भूमगरा हे तिघे पृथ्वीप्रदक्षिणा पुरी करून १९२८ साली परतले. त्यांना वाळवंटांशी आणि जंगलांशी झुंजावे लागले. पण मोटारींशी झुंजावे लागले नाही. त्या काळी बहुतेक सर्वच रस्ते सायकलीचे होते.

पुढे रस्ते रुंद झाले, गुळगुळीत झाले आणि सायकलस्वाराच्या हातून गेले. भूमध्य किनाऱ्यावर तर ही अडचण दुहेरी आहे. तेथे डोंगर थेट समुद्रास भिडलेले असल्यामुळे रस्त्यास जागा थोडी, आणि उन्हाळी प्रवाशांच्या मोटारी अफाट. आतल्या बाजूस वळावे तर गावे टेकड्यांच्या शेंड्यांवर वसलेली, आणि त्यांकडे जाणारे जुने रस्ते गाढवांच्या पायांनी पाडलेले, उभे चढाचे. सायकलस्वारास हवी असते ती मंद चढाची, मोटारी नसलेली आणि गावागावांना स्पर्श करणारी वाट. आगगाडीची वाट नेमकी अशीच असते. इंजिनाला उभा चढ चढवत नाही, तसाच तो माणसाच्या पायांनाही चढवत नाही. शंभर वर्षांपूर्वी लोखंडी यंत्राच्या दुबळेपणासाठी जी सोय केली, ती आज मानवी गुडघ्यांच्या उपयोगी पडते.

ही गोष्ट सर्वांत मोठ्या प्रमाणावर ओळखली ती स्पेनने. तेथे १९९३ साली सोडून दिलेल्या लोहमार्गांची मोजणी झाली, तेव्हा सात हजार किलोमीटरांहून अधिक लांबीचे मार्ग निरुपयोगी पडलेले आढळले. स्पॅनिश रेल्वे प्रतिष्ठानाच्या पुढाकाराने त्यांच्या ‘हरित वाटा’ करण्याचे काम सुरू झाले, आणि आज त्या तीन हजार किलोमीटरांच्या पुढे गेल्या आहेत. त्यांतील कातालोनियामधील ओलोत ते जिरोना ही वाट पारेन्झानासारख्याच अरुंद गाडीची. ती गाडी १९६९ साली थांबली. आंदालुसियातील ओल्वेरा ते पुएर्तो सेर्रानो या छत्तीस किलोमीटरांच्या वाटेची कहाणी तर अद्भुत आहे. १९२६ च्या सरकारी योजनेतून तिचे काम निघाले, तीस बोगदे व चार उंच पूल बांधून झाले. पण पैसा आटला, मग १९३६ साली यादवी युद्ध पेटले, आणि त्या मार्गावरून एकही गाडी कधी धावलीच नाही. ज्या बोगद्यांत इंजिनाचा धूर कधी शिरला नाही, त्यांतून आता सायकली जातात, आणि वाटेतल्या साफ्रामागोन सुळक्यावर गिधाडांची मोठी वसाहत आहे.

आजची पारेन्झाना

इस्त्रियातील काम स्पेनच्या मागून झाले आणि ते अधिक अवघड होते, कारण तेथे एका नव्हे, तीन देशांच्या गावसंस्थांना एकमेकांशी बोलावे लागले. स्लोव्हेनियाने आपल्या भागास ‘आरोग्य आणि मैत्री यांची वाट’ असे नाव दिले, आणि क्रोएशियानेही तेच स्वीकारले. २००० नंतरच्या दशकात युरोपीय संघाच्या साहाय्याने झाडी तोडली गेली, पुलांना कठडे बसले, बोगदे साफ झाले. त्या वेळी स्लोव्हेनिया युरोपीय संघात नुकताच शिरला होता आणि क्रोएशिया बाहेरच होता. म्हणजे संघाची सीमारेषाच या वाटेला आडवी जात होती. पुढे २०१३ साली क्रोएशिया संघात आला आणि १ जानेवारी २०२३ पासून या दोन देशांमधील नेहमीची सीमातपासणी उठली. अधूनमधून सरकारे तात्पुरती तपासणी पुन्हा बसवितात हे खरे. परंतु ज्या वाटेवर पूर्वी पासपोर्ट दाखवून पुढे जावे लागे, ती आता पुष्कळशी सलग झाली आहे.

त्रिएस्तेकडून निघणाऱ्या प्रवाशाने आरंभी फार अपेक्षा धरू नये. शहराच्या वाढीने तेथे मूळ मार्ग बराच गिळला आहे. कोपरपासून वाट स्पष्ट होते. इझोला गाव ओलांडले की ती समुद्र सोडून टेकडीवर चढते, द्राक्षमळ्यांतून जाते आणि बोगद्यांतून पोर्तोरोजकडे उतरते. येथवर बहुतेक डांबरी पृष्ठभाग आहे, बोगद्यांत दिवे आहेत. लहान मुलांना बरोबर घेऊन जाणारी कुटुंबेही येथे दिसतात. पुढे सेचोव्ल्येची मिठागरे लागतात. उथळ चौकोनी वाफे, त्यांत उन्हाने आटणारे खारे पाणी आणि दांड्याच्या फळीने मीठ ओढणारे मिठागरी हे दृश्य उरण-पेणकडच्या माणसाला मुळीच परके वाटणार नाही.

सरहद्द ओलांडून क्रोएशियात शिरले की वाटेचे रूप पालटते. डांबर संपते, खडी लागते. जाड टायरांची सायकल असलेली बरी. बुयेपासून ग्रोझ्न्यानपर्यंत चढ आहे, पण तो इतका समजूतदार आहे की चढतो आहोत हे मागे वळून समुद्र खाली गेलेला दिसला म्हणजेच कळते. ग्रोझ्न्यानपासून लिवादेपर्यंतचा उतार हा या वाटेचा सर्वांत रमणीय भाग. एकामागून एक दगडी कमानींचे पूल, मध्येच अंधारे बोगदे, डाव्या-उजव्या हातांस ओक वृक्षांची राने, आणि समोरच्या शिखरावर तटबंदीचे मोतोवुन. रेल्वेच्या वळणांमुळे ते गाव कधी उजवीकडे, कधी डावीकडे दिसत राहते. जवळ येते आणि पुन्हा दूर जाते. आपल्याकडे सह्याद्रीच्या वळणवाटांवर एखादा किल्ला असाच तासन् तास सोबत करतो. लिवादे हे मिर्ना नदीकाठचे लहान गाव. भोवतालच्या ओलसर रानांत जमिनीखाली वाढणारी ट्रफल नावाची बहुमोल अळंबी शिकवलेल्या कुत्र्यांकडून हुडकून काढण्याचा धंदा येथे चालतो. तेथे आणि इझोला येथे या गाडीच्या आठवणी जपणारी छोटी संग्रहालयेही आहेत. लिवादेहून पुन्हा विझिनादापर्यंत चढ, आणि मग तांबड्या मातीच्या शेतांतून पोरेचच्या समुद्राकडे लांबलचक उतरण. पोरेचला सहाव्या शतकातील बिशप युफ्रेझियसची मंदिरवास्तू तिच्यातील काचतुकड्यांच्या सोनेरी चित्रांसह उभी आहे. दीड हजार वर्षांच्या त्या इमारतीपुढे शंभर वर्षांच्या आगगाडीने नम्र व्हावे हे योग्यच.

हानी आणि लाभ

येथवर वाचून कोणी असे अनुमान काढू नये की लोहमार्ग बंद पडणे ही इष्ट गोष्ट आहे. सायकलस्वाराला जी वाट आनंदाची, ती एके काळी कोणाच्या तरी उपजीविकेची होती. पारेन्झाना बंद झाली तेव्हा शेतकरणींच्या टोपल्या घरीच राहिल्या. आपल्या वऱ्हाडात यवतमाळ, मूर्तिजापूर आणि अचलपूर यांना जोडणारी ‘शकुंतला’ ही अशीच अडीच फुटी गाडी. कापसासाठी ती बांधली गेली. गेल्या काही वर्षांत तिच्या फेऱ्या थांबल्या. तेथील लोक मागतात ती सायकलीची वाट नव्हे, तर ब्रॉडगेजची गाडी, आणि ते रास्तच आहे. जेथे गाडीची गरज जिवंत आहे तेथे गाडीच हवी. बार्शीच्या गाडीला ते भाग्य लाभले. तिचे रूळ बदलले, माप बदलले, पण कुर्डुवाडीहून पंढरपूरला जाणारा वारकरी आजही आगगाडीनेच जाऊ शकतो.

परंतु जेथे गरज खरोखर संपली, तेथे दोनच मार्ग उरतात. जमीन तुकड्या-तुकड्यांनी बळकावली जाऊ द्यावी, म्हणजे दहा-वीस वर्षांत वाट होती की नव्हती हेही कळेनासे होते; अथवा ती सलग राखावी. रेल्वेच्या वाटेचे सारे मोल तिच्या सलगपणात आहे. मधला अर्धा किलोमीटर गेला तर उरलेले शंभर व्यर्थ होतात. एकदा तुटलेली अशी पट्टी पुन्हा जुळविणे जवळजवळ अशक्य असते, कारण नव्याने ती विकत घेणे कोणत्याही गावसंस्थेस परवडणारे नाही. इस्त्रियात ती बहुतांशी वाचली हे थोडे सुदैव आणि थोडी उपेक्षेची कृपा. पण वाचलेली वाट पुन्हा चालती केली ती मात्र माणसांनी, आणि तीही अशा तीन देशांच्या माणसांनी की ज्यांच्या आज्या-आजोबांनी एकमेकांच्या राज्यांत फार सोसले होते.

आजही दर पावसाळ्यानंतर कोणाला तरी तेथे दरडीचे दगड बाजूला करावे लागतात, मोऱ्या मोकळ्या कराव्या लागतात, काटेरी झुडपे छाटावी लागतात. गाडी असताना हे काम रेल्वेचे गँगमन पगार घेऊन करीत. आता ते वाटेकाठच्या गावांनी आपले मानले आहे, म्हणून ती वाहती आहे. परप्रांतात पन्नास वर्षे आपली भाषा, आपला गणपती आणि आपली ग्रंथपेटी सांभाळणाऱ्या मंडळास या कामाचे मोल आम्ही अधिक समजावून सांगावे असे नाही.